एच. पायलोरी: भारतात संशोधन भरपूर, पण नेमकं कशावर?

सुमेधा_क

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आहे, त्यामुळे औषधं कृपया मला विचारू नका. रेसिडेंट मुलांना थीसिससाठी पेपर शोधून द्यायचे हे आमचं काम, आणि एच. पायलोरी (पोटात राहणारा तो वळणदार जंतू, अल्सरवाला) हा विषय जवळजवळ दर बॅचला कुणीतरी घेतंच. या वेळी शोधताना म्हटलं जरा दुसऱ्या बाजूने बघू, म्हणजे जंतू काय करतो ते नको, भारतात त्याच्यावर कोणी, कुठे बसून, कशावर काम केलं ते बघू.

गंमत म्हणजे आपल्याकडची गोष्ट जंतू सापडायच्या आधीच सुरू होते. मुंबईला वेस्टर्न रेल्वेत डॉ. एस. एल. मल्होत्रा म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १९६४ साली 'गट' या ब्रिटिश जर्नलमध्ये पेपर लिहिला, भारतात पेप्टिक अल्सर कुठे जास्त आणि का. रेल्वेचे कर्मचारी देशभर पसरलेले, सगळ्यांचे मेडिकल रेकॉर्ड एकाच खात्यात, असा आयता डेटा अजून कोणाकडे असणार! त्यांचं म्हणणं, भात खाणाऱ्या भागात अल्सर जास्त, पोळी-रोटी चावून खाणाऱ्या भागात कमी, कारण चावताना लाळ जास्त येते. मग १९७९ ला फ्रँक टोव्ही, हे म्हैसूरला मिशन हॉस्पिटलमध्ये सर्जन होते, त्यांनीही भारत-बांगलादेशचा साधारण असाच नकाशा मांडला. आणि तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये, तिकडे पर्थला वॉरन आणि मार्शलनी हा जंतू वाढवून दाखवला, त्यांच्या प्लेटा ईस्टरच्या सुट्टीमुळे इन्क्युबेटरमध्ये जास्त दिवस राहिल्या म्हणून तो दिसला, हे आता सगळ्यांना माहितीच आहे. २००५ ला नोबेल मिळालं. भात-रोटीचा मुद्दा मात्र मागे पडला. खरं तर तो सुटला नव्हता, कारण जंतू तर दोन्हीकडे होता!

त्यानंतरचे भारतातले पेपर ढोबळमानाने तीन लाटांत पडतात असं मला वाटतं. पहिली लाट, 'किती जणांना आहे?' हैदराबादचा १९९१ चा पेपर सगळे देतात, ३ ते ७० वयाच्या, पोटाची काही तक्रार नसलेल्या २३८ लोकांत ७९ टक्के. मग प्रत्येक शहराने आपापला आकडा काढला, एंडोस्कोपीला आलेले शंभर-दीडशे पेशंट, इतक्यांना जंतू, संपला पेपर. याच काळात १९९७ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचं पहिलं पोझिशन पेपर आलं, लिहिणारे मुंबईचेच, डॉ. फिलिप अब्राहम आणि डॉ. शोभना भाटिया. दुसरी लाट जनुकांची, कोलकात्याचं नायसेड (पटकी-अतिसारासारख्या आजारांवरची सरकारी संशोधन संस्था) आणि हैदराबादची डेक्कन मेडिकल कॉलेजची नि सीडीएफडीची (डीएनए फिंगरप्रिंटिंगचं सरकारी केंद्र) मंडळी. हे काम खरंच जागतिक दर्जाचं आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही. तिसरी, सध्याची, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची.

आणि काय नाही? एकाच गावातली माणसं वीस वर्षं धरून ठेवून बघितलंय, कोणाला जंतू होता, कोणाचा काढला, पुढे कोणाला काय झालं, असं काही मला तरी सापडत नाही. चीनमध्ये शानडाँगच्या लिंचू काउंटीत आहे, तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून अख्ख्या लोकसंख्येची तपासणी नि उपचार आहेत. आपल्याकडचा पेशंट एंडोस्कोपीच्या टेबलावर येतो, पेपरात एक आकडा होतो, आणि परत दिसत नाही.

---

अॅसिडिटीग्रस्त

७९ टक्के!! म्हणजे माझ्या पण पोटात असणारच की. ताई तुम्ही औषध विचारू नका म्हणालात म्हणून दुसऱ्या कोणालातरी विचारतो, मला रोज सकाळी उपाशीपोटी ती एक गोळी घ्यायची सवय लागलीय केमिस्टने दिलेली, तपासणी करावी का??

---

डॉ_रस्सा

कोल्हापुरात गॅस्ट्रोची प्रॅक्टिस करतो. धागा झकास झालाय सुमेधाताई, आमच्या पोरांनी वाचायला पाहिजे.

अॅसिडिटीग्रस्त, आधी ती गोळी कोणी लिहून दिल्याशिवाय महिनोन् महिने चालू ठेवू नका एवढंच इथं सांगतो. आणि तपासणी करायचीच झाली तर लक्षात ठेवा, ही पॅन-ओमेप्रॅझोलवाली गोळी किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद पाहिजे, नाहीतर श्वासाची टेस्ट असो, शौचाची असो की बायोप्सीची, जंतू असून नाही असं येतंय. आमच्याकडं येणारे निम्मे पेशंट गोळी चालू ठेवूनच येतात, मग 'डॉक्टर रिपोर्ट निगेटिव्ह आला' म्हणून खूष. रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट तर सांगूच नका, जंतू गेला तरी ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहते, तरीबी प्रत्येक पॅकेजात घुसडलेली असतीया.

पण ताईंच्या मुद्द्याला हात घालतो. जनुकं वगैरे छान आहे ओ, पण माझ्यासमोर पेशंट बसलाय त्याला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं, ह्याचं उत्तर भारतीय पेपरांत शोधायला गेलं की हातात काय येतं? २००३ चा मल्टिसेंट्रिक पेपर. लखनौ, चेन्नई, चंदीगड, हैदराबाद, दिल्ली. २५९ जंतू, मेट्रोनिडाझोलला ७७.९ टक्के रेझिस्टंट, क्लॅरिथ्रोमायसिनला ४४.७, अमॉक्सिसिलिनला ३२.८. महाराष्ट्र त्यात नाहीच! मग जवळचं म्हणून कर्नाटकातलं नंतरचं काम बघायचं, तिथंही मेट्रोनिडाझोल ८० च्या आसपास आणि लिव्होफ्लॉक्सासिन निम्म्याहून जास्त. आंतरराष्ट्रीय नियम काय म्हणतो, क्लॅरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स तुमच्या भागात १५ टक्क्यांच्या वर असेल तर ते डोळे झाकून देऊ नका. माझ्या भागात किती आहे? कोणी मोजलंय?

---

मायक्रो_मनी

डॉक्टर, मोजत का नाहीत ते मी सांगते, मी मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय आणि या जंतूने मला अक्षरशः रडवलंय. ई. कोलायसारखं रात्री प्लेटवर टाकलं नि सकाळी तयार असलं लाडाचं बाळ नाहीये हे. त्याला ऑक्सिजन कमी लागतो, ५ टक्क्यांच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड १० टक्के, वर ओलसर हवा, रक्त घातलेलं माध्यम, आणि तरी वाढायला तीन ते सात दिवस, कधी दहा. बायोप्सीचा तुकडा थिएटरमधून लॅबपर्यंत येईस्तोवर बाहेर नुसता पडून राहिला तर खेळ खलास. म्हणून देशात सातत्याने कल्चर करणाऱ्या लॅब हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि म्हणूनच रेझिस्टन्सचे आकडे सगळे त्याच त्या शहरांतून येतात. बाकीचे पेपर रॅपिड युरिएज टेस्टवर चालतात, तुकडा युरियाच्या जेलमध्ये टाकायचा, गुलाबी झालं की जंतू आहे. स्वस्त आहे, लगेच कळतं, बऱ्याच ठिकाणी जेल घरचंच बनवतात. पण गुलाबी रंग औषध कुठलं चालेल ते सांगत नाही ना.

आणि ते अमॉक्सिसिलिनचं ३२.८ वाचून मला दर वेळी प्रश्न पडतो, कारण जगात बहुतेक ठिकाणी हा आकडा अगदी कमी असतो. खरंच आपल्याकडे इतका होता, की वेगवेगळ्या लॅबनी वेगवेगळ्या पद्धतीने मोजला? पुन्हा तेवढ्याच पसाऱ्यावर मोजल्याशिवाय कळणार कसं.

---

शंकासुर

मला एक कळत नाही. जंतू बहुतेकांना, आणि बहुतेकांना काहीच होत नाही. पोटाचा कॅन्सर भारतात जपान-कोरियापेक्षा कितीतरी कमी. मग एवढी ऊर कशाला बडवायची? उद्या टेस्ट किट विकणारे येतील, परवा प्रोबायोटिकवाले. रोग शोधून काढायचा आणि मग त्याचं मार्केट करायचं.

---

सुमेधा_क

शंकासुर, तुमचा प्रश्न हाच तर त्या दुसऱ्या लाटेचा मुख्य प्रश्न आहे! त्याला 'इंडियन एनिग्मा' म्हणतात, आफ्रिकेबद्दल हाच शब्द आधी वापरला गेला. जंतूला १९९४ मध्येच डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर करतो हे नक्की. मग आपल्याकडे का करत नाही?

लोकांनी पहिला अंदाज केला की आपला जंतू सौम्य असणार. नायसेडच्या आशिष मुखोपाध्याय आणि मंडळींनी २००० साली कोलकात्याचे जंतू तपासून दाखवलं की ते पूर्व आशियातल्यांपेक्षा वेगळे आहेत हे खरं, पण सौम्य वगैरे नाहीत. ज्या कॅग-ए जनुकाला पाश्चात्त्य देशांत खलनायक मानतात ते इथे अल्सरवाल्यांतही आणि ठणठणीत माणसांतही सर्रास सापडतं, म्हणजे आपल्याकडे त्याच्यावरून कोण आजारी पडेल ते ओळखता येत नाही. फरक असलाच तर कॅग-ए च्या शेपटीकडच्या भागात आहे, जपान-चीनमध्ये एक प्रकार आणि भारतात बहुतांशी युरोपसारखा, पूर्वेकडचा प्रकार आपल्या पेशीतल्या एका प्रथिनाला जास्त घट्ट चिकटून गोंधळ घालतो. पण तेवढ्याने कोडं सुटत नाही, कारण कॅन्सर 'भारतात कमी' हे सगळीकडे खरं नाही. मिझोराममध्ये पुरुषांत पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यांत वरच्या पातळीवर आहे. तिथे धुरावर वाळवलेलं मांस, सा-उम म्हणजे आंबवलेली डुकराची चरबी, आणि तुइबुर, तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरायचं. काश्मीरमध्येही अन्ननलिका-पोटाचे कॅन्सर जास्त.

आणि 'कमी' म्हणजे दर कमी, माणसं कमी नाहीत. देशात वर्षाला साठ हजारांच्या आसपास नवे पेशंट होतात. २०२५ मध्ये त्याच कॅन्सर संस्थेचा नेचर मेडिसिनमध्ये अंदाज आला, २००८ ते २०१७ या काळात जन्मलेल्या मुलांमधून जगभरात आयुष्यात कधीतरी सुमारे १.५६ कोटी जणांना पोटाचा कॅन्सर होईल, त्यातले ७६ टक्के या जंतूमुळे. भारताचा वाटा त्यात सोळा लाखांच्या वर, चीनच्या खालोखाल. अंदाजच आहे तो, पण तुमचं 'काहीच होत नाही' एवढ्या लोकसंख्येत जरा महाग पडतं.

मार्केटबद्दल मात्र +१. प्रोबायोटिकचे छोटे छोटे पेपर अलीकडे फार दिसतात, आणि खाली 'कंपनीने सॅम्पल पुरवले' हे बारीक अक्षरात.

---

नाना_बार्शीकर

आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर रजिस्ट्री आहे, देशातली पहिली ग्रामीण, हे किती जणांना माहीत आहे? टाटा हॉस्पिटलच्या मदतीने सुरू झाली. गावोगाव माणसं फिरायची, सरपंच-पोलीस पाटलाला विचारायची, कोणाला गाठ आलीय का, कोण दगावलं. आमच्याकडे पोटाचा कॅन्सर कमीच, गर्भाशयाच्या तोंडाचा जास्त. मग सुमेधाताई मला सांगा, कॅन्सर गावागावात जाऊन मोजता येतो तर हा जंतू का मोजता येत नाही? रजिस्ट्री आयती आहे, माणसं ओळखीची आहेत. वीस वर्षं धरून ठेवायची म्हणता ना, इथे चाळिशीकडे चाललीय.

बाकी आमच्याकडे कॅन्सर कमी तो ज्वारीच्या भाकरीमुळे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हळद.

---

शंकासुर

नाना, हळदच जर कारण तर मिझोरामलाही हळद पिकते, लाकाडाँगची तर ईशान्येतल्याच मेघालयात प्रसिद्धच. तुमचा रजिस्ट्रीचा मुद्दा मात्र एकदम मान्य, हा मुद्दा धाग्यात वर हवा होता.

---

मायक्रो_मनी

नाना, भारी मुद्दा. आणि त्यासाठी एंडोस्कोपीसुद्धा नको, शौचातल्या अँटिजेनची टेस्ट पुरते. भाकरीबद्दल मल्होत्रा असते तर खूष झाले असते :)

अवांतर: मला या जंतूचं सगळ्यात आवडणारं काम लडाखचं आहे. २००४ चा पेपर. लडाखमधल्या बौद्ध आणि मुस्लिम लोकांच्या पोटातले जंतू घेतले, सात जनुकं वाचली. माणसांच्या स्वतःच्या डीएनएवरून दोन समाज धड वेगळे काढता येत नव्हते, जंतूवरून आले! कारण हा जंतू लहानपणी घरातूनच मिळतो, आईकडून, भावंडांकडून, आणि मग आयुष्यभर राहतो, म्हणजे आडनावासारखाच तो वंशात चालत जातो. बंगालमध्येही २००३ ला संथाळ, ओरांव आणि बंगाली लोकांचे जंतू असेच ताडून पाहिले होते. हैदराबादवाल्यांनी २००७ ला दाखवलं की भारतातल्या बऱ्याच जंतूंची मुळं युरोपीय जंतूंच्या जवळ जातात. आणि २०१६ मध्ये तर आल्प्समध्ये बर्फात सापडलेला तो ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओट्झी, त्याच्या पोटातून जंतूचा जिनोम काढला, तर त्याचे जवळचे नातलग निघाले भारतातले जंतू. आजच्या युरोपातले नाहीत! म्हणजे युरोपात आज जो मिश्र जंतू आहे त्यातलं आफ्रिकेकडचं मिश्रण बहुतेक त्याच्या काळानंतर झालं. एका म्हाताऱ्याच्या पोटावरून केवढी उलथापालथ.

---

अॅसिडिटीग्रस्त

म्हणजे मी गोळी खाऊन पाच हजार वर्षांचा वारसा नष्ट करतोय होय.

---

मेघना_योकोहामा

वाचतेय, छान चर्चा. जपानची बाजू सांगते. इथे हा जंतू घराघरात माहीत आहे, दही विकतानासुद्धा त्याचं नाव असतं. २०१३ च्या फेब्रुवारीपासून नुसती जठराची सूज असली, अल्सर नसला, तरी जंतू काढायचा खर्च सरकारी विम्यात बसतो, अट एकच की आधी एंडोस्कोपी झाली पाहिजे. सागा प्रांतात तर २०१६ पासून शाळेत नववीच्या वयाच्या मुलांची लघवी तपासतात. माझ्या नवऱ्याचं कंपनीच्या वार्षिक तपासणीत निघालं, आठवडाभर गोळ्या, नंतर फुंकर मारायची टेस्ट, झालं. इथे आता क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर वोनोप्राझान (आम्ल दाबणारं नवं औषध) देतात, ते २०१४ मध्ये इथेच आधी मंजूर झालं.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. सासूबाई सांगलीला असतात, त्यांचंही पॉझिटिव्ह आलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले काढून काय उपयोग, भारतात पाणी असं की परत होणारच. खरंय का हे? आणि घरातल्या सगळ्यांनीच औषध घ्यायचं असतं का?

---

डॉ_रस्सा

मेघनाताई, 'परत होणारच' हे वाक्य मीही शिकत असताना ऐकलंय, पाठच झालं होतं. पण मुंबईतल्या डॉक्टरांनी २००० साली इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत मोठ्या माणसांचा पाठपुरावा करून लिहिलंय की नीट काढल्यावर प्रौढांमध्ये नव्यानं लागण होणं दुर्मीळ आहे. मनी म्हणते तसं, लागण व्हायची ती बहुतेक लहानपणीच होऊन जाते. आपल्याकडं 'परत झाला' म्हणतात तो बऱ्याचदा परत झालेला नसतोय, तो गेलेलाच नसतोय. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी टेस्ट करून गेला का ते बघायचं असतं, ते कोण करतंय? पेशंटला बरं वाटलं की येत नाही, आणि श्वासाच्या टेस्टला लांब जावं लागतं. कोलकात्याच्या एस. एन. बोस सेंटरनं 'पायरो-ब्रेथ' म्हणून भारतीय यंत्र केलंय, पेटंट आहे, श्वासातल्या अर्धजड पाण्यावरून (एक हायड्रोजन जड असलेलं पाणी) ओळखतंय. तसलं तालुक्याला आलं तर मजा आहे.

पाण्याचा मुद्दा अगदी खोटा नाही, हैदराबादच्या २००७ च्या पेपरात विहिरीचं पाणी पिणाऱ्यांत लागण नळवाल्यांपेक्षा जास्त दिसली. पण ती कोणाला आहे ह्याची गोष्ट, परत होतो का ह्याची नव्हे. सासूबाईंचं, त्यांना अल्सर होता का, घरात कोणाला पोटाचा कॅन्सर झालाय का, रक्ताच्या गुठळ्या न होण्यासाठी अॅस्पिरिन चालू आहे का, हे विचारून तिथल्याच गॅस्ट्रोकडनं ठरवा. सरसकट घरभर औषध आपल्याकडं कोणी देत नाही. २०२१ ला आमच्या सोसायटीचं भुवनेश्वर कन्सेन्सस निघालंय, आम्ही बहुतेक जण त्याच्यावर चालतो. त्यातही आधार म्हणून दिलेले किती पेपर भारतातले आणि किती तैवान-कोरियाचे ते एकदा बघा, सुमेधाताईंचा अख्खा धागा तिथं दिसंल.

---

सुमेधा_क

डॉक्टर, ते बघितलंय मी, म्हणूनच तर हे सगळं लिहायला बसले.

वेल्लोरच्या सीएमसीचं एक काम राहिलंच सांगायचं. त्यांनी दोन दशकांच्या एंडोस्कोपीच्या नोंदी काढून दाखवलं की ड्युओडेनल अल्सर खूपच कमी झालेत, जंतूही कमी झालाय. नवीन यंत्र नाही, जिनोम नाही, फक्त जुनी रजिस्टरं नीट जपलेली. असे पेपर मुलांना सुचवले तर म्हणतात मॅडम यात नवीन काय, गाईड मान्य करणार नाहीत. मग परत शंभर पेशंट, युरिएज टेस्ट, टक्केवारी.

यंदाच्या मुलाला अजून विषय फायनल करायचाय. नानांची रजिस्ट्री त्याच्या आवाक्याबाहेर आहे, तीन वर्षांत थीसिस संपवायचाय त्याला. मनी, पश्चिम महाराष्ट्रातला क्लॅरिथ्रोमायसिन रेझिस्टन्स, एवढंच जमण्यासारखं आहे का?

---

मायक्रो_मनी

जमेल! आणि सगळं कल्चर करायची गरज नाही. क्लॅरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स बहुतांशी जंतूच्या २३एस आरआरएनए नावाच्या जनुकातल्या दोन-तीन ठरावीक बदलांमुळे असतो, ते पीसीआरने थेट बायोप्सीतून दिसतात, दिल्लीच्या आयजीआयबीने (जिनोमवर काम करणारी सरकारी संस्था) तर क्रिस्पर हे जनुक ओळखायचं-कापायचं तंत्र वापरून हेच करून दाखवलंय. युरिएज टेस्टला वापरलेला तुकडासुद्धा फेकायचा नाही, त्यातूनही डीएनए निघतो. मेट्रोनिडाझोलसाठी मात्र कल्चरच लागेल, ते सोडून द्या. त्या मुलाला फक्त तुकडे मिळाले पाहिजेत, आणि आधी किती वेळा कोर्स झालाय ते प्रत्येक पेशंटला विचारून लिहिलेलं पाहिजे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

---

डॉ_रस्सा

तुकडे माझ्याकडनं घ्या, एथिक्स कमिटीचं पत्र तेवढं आणा. पण स्कोप सकाळी होतात आणि आमच्याकडनं पुण्याला गाडी रात्री निघते, तोवर ठेवायचं कशात ते सांगा.

---

मायक्रो_मनी

पीसीआरसाठीच असेल तर कोरड्या निर्जंतुक ट्यूबमध्ये टाकून लगेच उणे वीसला, आणि गाडीत बर्फात. फॉर्मालिनमध्ये अजिबात नको, आमच्याकडे एकाने सगळे तसेच पाठवले होते. कल्चरची हौस असलीच तर ट्रान्सपोर्ट मीडियम मी करून पाठवते, चार डिग्रीला, २४ तासांच्या आत पोचलं पाहिजे. सुमेधाताई, त्या मुलाचा ईमेल मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.